गोदाबाई आणि आडवी वेळ

गोदाबाईंना स्कूटी चालवता येत नव्हती, पण मागे बसून माझी स्कूटी त्याच चालवायच्या. "आता खड्डा हाय," "आता कुत्रं आडवं येईल," "त्या म्हशीला आधी जाऊ दे, तिला घाई हाय," असं जिंतूरपासून शाळेपर्यंत चालायचं. दोन्ही पाय एका बाजूला सोडून, मांडीवर कापडी पिशवी घेऊन त्या बसायच्या आणि रस्त्यात दिसेल त्याला हाक मारायच्या. वाऱ्यामुळे त्यांचं अर्धं बोलणं मागेच राहायचं. उरलेलं अर्धं मला दिवसभर पुरायचं.

आमची शाळा चारठाण्याच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत वळल्यावर लागणाऱ्या एका लहान गावात. चौथीपर्यंतचे वर्ग, दोन खोल्या, एक हापसा. शिक्षक आम्ही दोघीच. त्या मुख्याध्यापिका आणि मी नवी रुजू झालेली. पहिल्या दिवशी मी हजेरीपटावर सही करत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "पोरी, तुह्या गाडीवर मागची शीट मोकळीच असती का?" तेव्हापासून त्यांच्या निवृत्तीपर्यंत ती सीट त्यांचीच राहिली.

त्यांचं माहेर पेडगावचं. वरिष्ठ अधिकारी तपासणीला आले की त्यांची भाषा थोडा वेळ पुस्तकासारखी सरळ चालायची आणि पहिला चहा संपायच्या आत पेडगावला परत जायची. अंगानं भरलेल्या, चालताना जरा डुलणाऱ्या. विनोद सांगायच्या आधीच त्यांना हसू यायचं आणि ते इतकं यायचं की पुष्कळदा विनोद सांगायचा राहूनच जायचा. आम्ही नुसत्या त्यांच्या हसण्याला हसायचो.

घरोघरी जाणं हा त्यांचा खरा वर्ग. शाळा सुटली की, "चल, दोन घरं करून जाऊ," म्हणायच्या. कुठल्याही घरी गेल्या की लोक लगबगीनं प्लास्टिकची खुर्ची पुढे करत. गोदाबाई ती खुर्ची पिशवीला द्यायच्या आणि स्वतः उंबऱ्याजवळ फतकल मारायच्या. "खुर्चीवर बसलं की मानूस तपासायला आल्यावानी दिसतंय," हे त्यांचं कारण. मग समोर जे काम पडलं असेल ते उचलायचं. मेथी निवडायची असली तर मेथी, तुरीच्या शेंगा असल्या तर शेंगा. बोलणं त्या कामाच्या आडून व्हायचं. मी एकदा बसल्या बसल्या सुरुवात केली, "तुमचा मुलगा वर्गात अजिबात लक्ष..." तर त्यांनी शेंगा सोलता सोलता मला असा चिमटा काढला की वाक्य तिथंच संपलं. परतताना स्कूटीवर म्हणाल्या, "आधी च्या, मंग चूक. मानसानं आपल्या घरचा च्या पाजला की त्येला जरा बळ येतं. मंग सांगितलेलं सोसतंय."

मोबाईलच्या बाबतीत त्या कुणी संत होत्या असं मात्र समजू नये. रंगीत गोळ्या फोडायचा एक खेळ त्यांच्या मोबाईलमध्ये होता. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की खोलीच्या कोपऱ्यात तोंड करून त्या गोळ्या फोडत बसायच्या. एकदा तिसरीतली एक मुलगी मागे येऊन उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमचं झालं की मला द्या." गोदाबाई दचकल्या, मग हसत सुटल्या. त्या दिवशी उरलेली सगळी सुट्टी त्यांनी पोरींबरोबर खडे झेलण्यात घालवली आणि सपशेल हरल्या.

शाळा बंद होत्या त्या साथीच्या काळात धडे मोबाईलवर पाठवायचा हुकूम निघाला होता. तेव्हा तोंडाला पदर बांधून गोदाबाईच दारोदार फिरल्या होत्या. पोरांसाठी एक मोठा फोन घ्या म्हणून त्यांनीच लोकांना गळ घातली होती. शाळा उघडल्या, पण फोन पोरांच्या हातातून सुटेनात. आता सगळे आईबापांना नावं ठेवू लागले. गोदाबाईंना ते पटायचं नाही. म्हणायच्या, "पाव्हण्याला आवतन आपनच देलं. आता त्यो उठंना म्हणून घरच्याईला कामून बोलावं?"

पण पाहुणा उठवायचा तर होताच. त्यासाठी त्यांनी पहिला जो उपाय केला तो साफ फसला, आणि तो फसल्याची गोष्ट त्या सगळ्यांना आवडीनं सांगायच्या.

उपाय असा होता: दिवेलागणीला शाळेची घंटा वाजवायची. ती वाजली की सगळ्या गावानं मोबाईल खाली ठेवायचे, दुसरी घंटा वाजेपर्यंत. घंटेचं काम शाळेशेजारच्या किसनबापूंनी आनंदानं घेतलं. पहिल्या दिवशी आम्ही दोघी मुद्दाम गावात थांबलो. बापूंनी घंटा बडवली. त्यांचा हात जड, आणि संध्याकाळी शाळेची घंटा गावानं कधी ऐकलेली नाही. निरोप ज्यांना मिळाला होता ते घरात बसले आणि ज्यांना मिळाला नव्हता ते शाळेकडे पळत आले. एक जण शेतातून मोटारसायकलवर आला आणि गाडी चालू ठेवूनच विचारू लागला, "कोण गेलं?" बापू म्हणाले, "कोणी न्हाई गेलं, मोबाईल ठिवायचाय." त्या माणसानं खिशातून मोबाईल काढून बापूंच्या हातात ठेवला. त्याला वाटलं, जमा करायचाय.

पोरांनी मात्र त्या दिवशी अंधार पडेस्तोवर धुडगूस घातला. चार दिवस असंच चाललं आणि मग घंटा वाजली तरी कुणी ढिम्म हलेना. गोदाबाईंनी नळावर पाणी भरणाऱ्या एका बाईला कारण विचारलं. ती कळशी खाली न ठेवताच म्हणाली, "बाई, तुमची घंटा वाजती तव्हाच माह्या तव्यावर भाकर असती. पोरगं मोबाईल सोडतंय अन् माह्या गळ्यात पडतंय. घंटा वाजवा, पर संगं एक मानूस बी धाडा."

गोदाबाई हसता हसता नळाच्या कठड्यावरच बसल्या. पण परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प होत्या, इतक्या की मी आरशात बघितलं, मागे आहेत ना म्हणून. जिंतूर जवळ आल्यावर बोलल्या, "मी पोराईची येळ इचारली. माईची इचारलीच न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा प्रश्न बदलला. पोरगं किती वेळ मोबाईल बघतं, हे त्यांनी विचारणं सोडलं. शेंगा सोलता सोलता त्या विचारायच्या, "तुमच्या घरी आडवी येळ कोनती?" म्हणजे घरात सगळंच एकदम आडवं येतं, हात दोन आणि कामं दहा होतात, ती वेळ. आणि या प्रश्नाला लोक खरं उत्तर द्यायचे. एका घरी ती येरवाळीची, म्हणजे भल्या सकाळची होती, म्हैस आणि जुळी पोरं एकाच वेळी ओरडायची म्हणून. एका बागायतदाराच्या मोठ्या घरी ती दुपारची होती, पाव्हणे येऊन बसत म्हणून. एक आजोबा गंभीरपणे म्हणाले, "सून माहेरी जाती तो आख्खा आठवडा." जिथं जे सुचेल ते त्या सुचवायच्या. शेजारच्या दोन घरांनी संध्याकाळी पोरं आलटून पालटून एकाच ओसरीवर बसवायला सुरुवात केली. कुठं उपाय लागू पडायचा, कुठं दोन दिवसांत मोडायचा. मोडला तर त्या म्हणायच्या, "चला, ह्यो बी न्हाई म्हंजे दुसरा असंल."

मग पालकसभेचा तो दिवस आला.

मोबाईलचे दुष्परिणाम सांगायला तालुक्याहून एक पाहुणे आले होते. तरुण, इस्त्रीचा शर्ट, तळमळीनं बोलणारे. सभेला बाया बऱ्याच होत्या. सगळ्यांत मागे भिंतीला टेकून सुनीता बसली होती. सुनीता म्हणजे पहिलीतल्या सांचीची आई. ती बारावीपर्यंत शिकलेली होती आणि रोजानं शेतात कामाला जायची. सांची तिच्या मांडीवर होती. पोरगी गडबड करू नये आणि आपल्याला ऐकता यावं म्हणून सुनीतानं आवाज बंद करून मोबाईल तिच्या हातात दिला होता.

पाहुण्यांनी विचारलं, "किती जणांची मुलं मोबाईल बघत जेवतात? हात वर करा." कुणी हात वर केला नाही. त्यांची नजर फिरत फिरत मागे गेली आणि ते म्हणाले, "आता हे बघा, उदाहरण तर इथंच बसलंय."

सगळ्यांनी माना वळवल्या. कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. सुनीतानं सांचीच्या हातातून मोबाईल ओढून घेतला. पोरगी किंचाळली. सुनीता तिला काखोटीला मारून, चपला हातात घेऊन निघून गेली.

गोदाबाई उठल्या तेव्हा ती फाटकाबाहेर पडली होती. त्यांना उठायला जरा वेळच लागायचा, गुडघ्यांमुळे. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, मग सभेकडे वळल्या आणि स्वतःचा हात वर केला. "मी देते," म्हणाल्या. "माह्या नातवाला. पुण्याला ऱ्हातोय. त्यो मोबाईलमदी मला बघितल्याबिगर घास घेत न्हाई. आता मीच मोबाईलमदी बसल्यावर कोनाला नाव ठिवावं? मागं सुट्टीत पुण्याला गेले. त्यो माह्याकडं टकमक बघतोय. जवळ आला, माह्या गालावर बोट ठिवलं अन् असं बाजूला वढलं. म्होरलं चित्र येतंय का बघायलाय. म्हनलं, बाबा, म्होरं काई न्हाई, एवढीच आजी हाय."

खोलीत हसण्याचा असा लोंढा आला की भिंतीवरच्या तक्त्यांनाही ऐकू गेला असेल. तो ओसरता ओसरता एक हात वर आला, मग दुसरा, मग मोजायचं कारणच उरलं नाही. सभा त्यानंतर छान झाली. पण गोदाबाईंचं लक्ष फाटकाकडेच होतं.

पाहुण्यांना त्या एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. चहा देताना फक्त विचारलं, "तुमाला लेकरं काय हायती, सर?" ते म्हणाले, एक मुलगी आहे. मग कप फिरवत राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "ती पण जेवत नाही मोबाईलशिवाय. मला वाटलं, हे सांगितलं तर माझं कोण ऐकेल?"

"तेच सांगा की," गोदाबाई म्हणाल्या. "तेच ऐकत्यात लोक."

दुसऱ्या दिवशी सांची शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शाळा सुटल्यावर आम्ही सुनीताच्या घरी गेलो.

दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पण झाडून पुसून लख्ख. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धाच्या तसबिरी. दाराजवळ बाजेवर सुनीताची सासू पडून होती. झटका येऊन तिची एक बाजू लुळी पडली होती, बोलणंही जड झालं होतं. कोपऱ्यात सांची भिंतीकडे तोंड करून बसली होती. सुनीता म्हणाली, "जयभीम, बाई. सांगा, काय सांगायचं ते. तुमचंच ऐकायचं ऱ्हायलं होतं."

"जयभीम, माय," गोदाबाई म्हणाल्या आणि उंबऱ्याजवळ बसल्या. समोर सुपात लसूण होता. त्यांनी एक गड्डी उचलली आणि सोलायला घेतली. आधी चहा वगैरे काही त्या म्हणाल्या नाहीत. ती वेळ चहाची नव्हती हे त्यांना दिसत होतं.

दोन गड्ड्या सोलून होईपर्यंत सुनीताच बोलू लागली. सभेतून घरी येऊन तिनं मोबाईल दगडी पायरीवर आपटला होता. काच काळी पडली. सांची रात्रभर रडत झोपली. नवरा मिलिंद ट्रकवर ड्रायव्हर, पंधरा पंधरा दिवस बाहेर. कुणीतरी सभेतली गोष्ट त्याच्या कानावर घातली होती. त्यानं आपल्या आईच्या बटणाच्या फोनवर सुनीताला सांगितलं की, दिवाळीनंतर सांचीला परभणीला माझ्या बहिणीकडं ठेवायचं.

"म्हनले, तुला एक पोर सांभाळंना," सुनीता म्हणाली. "सहा वर्षाची झाली, धड बोलंना. बोलली तर कार्टूनवानी हिंदी बोलतीय. त्येंचं बी काय चुकलं?"

गोदाबाईंनी विचारलं, "तुह्या घरची आडवी येळ कोनती, माय?"

सुनीतानं एकदम मान वर केली. असा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. "सांजची," ती म्हणाली. "वावरातून यायचं, आत्याबाईचं सगळं करायचं, त्येंचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, मंग चूल. त्या टायमाला पोरगी बाहेर गेली, विहिरीकडं गेली, तर मला सांगनारं कोन हाय? मोबाईल देला की जाग्यावर बसती. मला दिसती."

"मंग ह्यो मोबाईल तुह्या घरचा सालगडी होता की," गोदाबाई लसणाची पाकळी सुपात टाकत म्हणाल्या. "त्येनं लेक धरली म्हणून तू सासू धरलीस. गडी लई चांगला नसंल, पर काम त्येनं केलं. आता त्येला काढायचा तर त्येचं काम कोन करनार, एवढंच बगायचं. त्यात लाज कसली?"

सुनीतानं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. बाजेवरून म्हातारीनं चांगला हात तिच्याकडे पसरला, तो पोचला नाही, तसाच हवेत राहिला. थोड्या वेळानं सुनीता डोळे पुसत उठली आणि म्हणाली, "च्या ठेवते."

तिनं भांडं चुलीवर ठेवलं आणि तेवढ्यात बाजेखाली बटणाचा फोन वाजला. मिलिंदचा होता. सुनीताचे हात गुंतलेले. गोदाबाई म्हणाल्या, "लेकीला घेऊ दे."

एरवी तो मोठ्या फोनवर, चेहरा दिसेल असा फोन लावायचा. सांची काही न बोलता बघायची, वेडीवाकडी तोंडं करायची आणि निघून जायची. आता तिच्या हातात नुसतं काळं डबडं होतं आणि त्यातून आवाज येत होता. फोन जुना, आवाज एवढा मोठा की आम्हा सगळ्यांना ऐकू यावा.

"काय करायलीस, सांची?"

सांचीनं मान हलवली.

"अगं बोल की. मला दिसंना काई. आई कुठं हाय?"

सांचीनं फोनकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं. बापाला खरंच दिसत नाही हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "मम्मी चाय बना रही है."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "अन् आनखी कोन हाय घरात?"

"एक मोटी मॅडम है."

गोदाबाईंनी पदर तोंडात कोंबला. सुनीताचा जीव अर्धा झाला. मिलिंदही आता हिंदीवर आला. "अच्छा? मोटी मॅडम क्या कर रही है?"

सांचीनं गोदाबाईंच्या हाताकडे पाहिलं. "लसून..." ती म्हणाली आणि अडली. पुन्हा म्हणाली, "लसून..." आणि कपाळाला आठी घातली. तिच्या त्या कार्टूनमध्ये कुणी कधी लसूण सोलला नसावा. शब्दच नव्हता. मग तिनं सुपाकडे, आजीकडे, आईकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "लसून सोलायलीय."

बाजेवरची म्हातारी खुदकन हसली. सुनीता चुलीपाशी तशीच थांबली, चहा उतू चालला होता तरी.

मग सगळंच सुरू झालं. बापाला काही दिसत नव्हतं, म्हणून त्याला सगळं सांगावं लागत होतं. शेळी कुठं बांधलीय, आजीनं कोणतं लुगडं नेसलंय, चहा उतू गेला. अर्धं हिंदी, अर्धं घरचं. मिलिंदला थांबावंसं वाटत नव्हतं हे त्याच्या आवाजावरून कळत होतं.

शेवटी गोदाबाईंनी फोन घेतला. आपण कोण ते सांगितलं आणि बहिणीचा, परभणीचा विषयच न काढता विचारलं, "मिलिंदराव, तुमची आडवी येळ कोनती हो?"

तो म्हणाला, "सांजची, बाई. ढाब्यावर गाडी लावली की. सगळे आपापल्या मोबाईलमदी डोकं घालून बसतेत. मी बी."

"मंग त्याच टायमाला फोन लावत जावा. ह्योच, बटनाचा. इथं बी तीच आडवी येळ हाय. लेक तुमाला घर सांगंल, तवर सुनीताची भाकर होईल."

परतताना गोदाबाई स्कूटीवर गाणं गुणगुणत होत्या. सुरात नव्हतं ते.

हे सगळं लगेच जादूसारखं झालं असं नाही. कधी मिलिंदला नेटवर्क नसायचं. कधी सांची रुसून बसायची आणि फोन हातात घ्यायची नाही. मोठा फोन दुरुस्त होऊन आला आणि कार्टूनही परत आलं. सुनीता संकोचून म्हणाली, "आत्याबाईचं अंग पुसताना तेवढं लावून देते, बाई." गोदाबाई म्हणाल्या, "दे की. तेवढा टाईम म्हातारीच्या लाजेचा हाय. तिला बी पडदा पाहिजे." बटणाच्या फोनवर आजीसुद्धा मध्ये मध्ये घुसू लागली. नातीनं चुकीचं सांगितलं की बाजेवरून जड जिभेनं दुरुस्त करायची. सुनीता म्हणायची, आत्याबाई एवढ्या तर धडधाकट असताना बोलत नव्हत्या.

शाळेत गोदाबाईंनी सांचीला रोज एक गोष्ट सांगायला उभं केलं. कार्टूनमधलीच, मनाई नव्हती. ती हिंदीत सांगायची आणि अडली की वर्ग मराठी शब्द पुरवायचा. एका राक्षसाच्या वर्णनाला पोरांनी इतके शब्द पुरवले की तो शेवटी गावातल्या एका बैलासारखा दिसू लागला. सांची स्वतःच हसत सुटली आणि गोष्ट अर्धीच राहिली. हसून गोष्ट अर्धी सोडायची ही सवय तिनं कुणाकडून घेतली हे सांगायला नको.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या दिवशी मिलिंद आला. ट्रक गावाबाहेर लावून थेट शाळेत. वर्गात सांची गोष्ट सांगत होती. तो दाराबाहेर उभा राहिला, पण आत डोकावला नाही. भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून ऐकत राहिला. मी त्याला आत बोलावणार होते, गोदाबाईंनी हातानं थांबवलं. गोष्ट संपल्यावर तो आत आला. सांचीनं त्याला पाहिलं आणि एवढंच विचारलं, "तुला आता दिसतंय?"

"दिसतंय," तो म्हणाला. आणि त्यानं तिला उचलून घेतलं.

परभणीचा विषय नंतर कुणी काढला नाही. बहिणीला त्यानं कळवलं की पोरगी घरीच राहील, संध्याकाळी तिचं काम असतं.

तालुक्याचे ते पाहुणे पुढच्या वर्षी पुन्हा आले. या वेळी त्यांनी सुरुवातच आपल्या मुलीपासून केली. बोलून झाल्यावर ते सुनीतापाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, "ताई, मागच्या वेळी माझं चुकलं." सुनीता पहिल्या रांगेत बसली होती. ती म्हणाली, "जेवती का आता तुमची लेक?" ते म्हणाले, "कधी जेवते, कधी नाही." सुनीता म्हणाली, "आमचं बी तसंच," आणि त्यांना बसायला जागा करून दिली.

गोदाबाई त्यानंतर उन्हाळ्यात निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी गावानं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि त्या बसल्या, कारण उंबरा सापडायला तिथं जागाच नव्हती. नारळ, साड्या, भाषणं. भाषण करायला उठल्या आणि पहिल्याच वाक्याला हसू आलं, ते रडण्यात गेलं, ते परत हसण्यात आलं. भाषण झालंच नाही. मग मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या. माझ्या स्कूटीची मागची सीट हलकी झाली आणि गाडी सारखी उगीच डावीकडे जाते असं मला बरेच दिवस वाटत राहिलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते देवगाव फाट्यावर. सेलूला लग्नाला जायचं होतं, म्हणून दुपारची मी फाट्यावर बसची वाट पाहत उभी होते. जिंतूरकडून पुण्याला जाणारी एसटी आली आणि माझ्या समोरच थांबली. खिडकीत गोदाबाई होत्या. काही कामानं गावाकडे येऊन परत निघाल्या असाव्यात. मांडीवर कुणाचं तरी अनोळखी, वर्षभराचं बाळ होतं. त्यानं त्यांचा चष्मा ओढून काढला होता आणि तो उलटा धरून चाटायचं काम मन लावून चालवलं होतं. शेजारी बाळाची आई, अगदी पोरसवदा, मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपली होती. तिचा मोबाईल तिच्याच मांडीवर पालथा पडला होता.

मी आनंदानं हाक मारायला तोंड उघडलं. चष्म्याशिवाय त्यांना मी ओळखू येणार नाही असं वाटलं होतं, पण त्यांनी ओळखलं. त्यांचा सगळा चेहरा हसला. मग त्यांनी झोपलेल्या आईकडे डोळ्यांनी खूण केली आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी हाक आतल्या आत गिळली. कंडक्टरनं घंटी दिली. बस मंठ्याच्या दिशेनं वळली तोवर मी आवाज न करता हात हलवत राहिले, आणि त्या तिकडून बाळाचाच हात धरून मला हलवून दाखवत राहिल्या.